चिंध्यांची वीट: घरात कुठे चालेल, कुठे नाही?

टेलरिंगची चिंदी आणि जुने कपडे जाळले की धूर, फेकले की डम्पिंग भरतं. नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला वापरलेल्या कपड्यांचं वर्गीकरण केंद्र सुरू केलंय.

अशा चिंध्यांची वीटही होते. फ्रान्सच्या वास्तुविशारद क्लॅरिस मेर्ले यांची ‘फॅबब्रिक’ कंपनी चिंध्या बारीक करून, चिकट पदार्थात मिसळून साच्यात दाबते आणि वाळवते. भट्टी लागत नाही.

ही वीट उष्णता आणि आवाज अडवते, पण छताचा भार पेलत नाही. म्हणून ती फक्त आतल्या पार्टिशनला. द्रोणागिरीसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत ओल धरण्याचा धोका असतो. त्यामुळे स्वस्त मिळाली तरी ओलीची आणि आगीची चाचणी झाली का, हे आधी विचारा.