शिनकोकू मारू : एका तेलवाहू जहाजाची चार वर्षे

शिनकोकू मारू हे सुमारे दहा हजार टनी तेलवाहू जहाज कोबे येथील कावासाकी गोदीत बांधले गेले आणि 1940 साली कामाला लागले. ‘शिनकोकू’ म्हणजे देवभूमी. ‘मारू’ हे जपानी व्यापारी जहाजांच्या नावाला जोडले जाणारे पद. जहाज खासगी मालकीचे होते, पण त्याच्या बांधणीमागे आरमाराचा हिशेब होता. जपानला लागणारे बहुतेक तेल अमेरिकेतून येई. 1930 नंतरच्या दशकात सरकारने वेगवान टँकर बांधणाऱ्या कंपन्यांना अनुदान दिले. शांततेच्या काळात हे टँकर कॅलिफोर्नियाचे तेल आणत, आणि युद्ध पेटले तर लढाऊ ताफ्याच्या वेगाने चालू शकत. साधा टँकर तेथे मागे पडला असता.

1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेलाची निर्यात बंद केली. त्याच ऑगस्टमध्ये आरमाराने शिनकोकू मारू ताब्यात घेतले. 26 नोव्हेंबरला कुरील बेटांतील हितोकाप्पू उपसागरातून सहा विमानवाहू जहाजे हवाईतील पर्ल हार्बरवर हल्ला करण्यासाठी निघाली, तेव्हा त्यांच्याबरोबर सात टँकर होते आणि त्यांत शिनकोकू मारूही होते. हल्ल्याच्या वर्णनांत या सात जहाजांना सहसा एखादे वाक्य मिळते, आणि हा अन्याय आहे. विनाशिकांच्या टाक्या लहान. अकागी, सोर्यू व हिर्यू या विमानवाहू जहाजांचा पल्लाही अपुरा. वाटेत तेल मिळाले नसते, तर मोहीम हवाईपर्यंत पोहोचून परत येऊच शकली नसती. उत्तर पॅसिफिकच्या हिवाळी लाटांत दोन जहाजे मंद गतीने, ठरावीक अंतर राखत चालवायची आणि मधल्या नळीतून तेल सोडायचे, असे ते काम होते. जहाज हेलकावले की ताण येऊन नळी तुटे, आणि तिच्या फटक्याने खलाशी समुद्रात फेकले जात. हल्ल्याच्या आदल्या दिवशी अखेरचे तेल भरले गेले व टँकर मागे वळले.

पुढे विमानवाहू ताफा जाई तेथे टँकरही जात. एप्रिल 1942 मध्ये हा ताफा हिंदी महासागरात उतरला आणि कोलंबो व त्रिंकोमालीवर बाँब पडले. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. त्यानंतर युद्धाचा भार सॉलोमन बेटांकडे सरकला आणि टँकरांच्या वाट्याला सुमात्रा-बोर्निओच्या तेलक्षेत्रांपासून पॅसिफिकमधील ट्रुकच्या आरमारी तळापर्यंतची लांबलचक वाहतूक आली. या वाटेवर अमेरिकन पाणबुड्या टपून होत्या. व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी जपानने स्वतंत्र मध्यवर्ती विभाग उभारला तो थेट नोव्हेंबर 1943 मध्ये. तेलासाठी युद्ध पुकारणाऱ्या देशाने तेल वाहणाऱ्या जहाजांची काळजी इतक्या उशिरा घ्यावी, ही त्या नेतृत्वाची सर्वांत महाग चूक होती.

पर्ल हार्बरच्या सात टँकरांची गत पाहिली की ती चूक कळते. तोएई मारू व तोहो मारू 1943 च्या पहिल्या तीन महिन्यांतच पाणबुड्यांनी बुडवली. केन्यो मारू आणि निप्पोन मारू 14 जानेवारी 1944 या एकाच दिवशी गेली, कोकुयो मारू त्याच वर्षी जुलैअखेर. क्योकुतो मारू सप्टेंबरात मनिलाच्या उपसागरात विमानांच्या माऱ्याने बुडाले; युद्धानंतर ते वर काढून दुरुस्त केले गेले आणि ‘कॅलिफोर्निया मारू’ या नावाने पुन्हा चालू लागले.

शिनकोकू मारूचा शेवट ट्रुकमध्ये झाला. 17 व 18 फेब्रुवारी 1944 रोजी अमेरिकन विमानवाहू ताफ्याने या तळावर हल्ले केले. मोठ्या युद्धनौका आधीच हलवल्या होत्या; सापडली ती मुख्यतः मालवाहू आणि तेलवाहू जहाजे. दोन दिवसांत चाळीसच्या आसपास जहाजे बुडाली. विमानातून सोडलेला पाणतीर शिनकोकू मारूच्या पिछाडीला, इंजिनघराजवळ लागला.

आज मायक्रोनेशियात असलेल्या ट्रुकच्या प्रवाळवेढ्या जलाशयाला चुउक म्हणतात. शिनकोकू मारू तेथे सुमारे 40 मीटर खोलीवर सरळ उभे आहे. डोलकाठ्यांवर आणि डेकवर मऊ प्रवाळ दाट वाढले आहे. आत दवाखान्याच्या खोलीत शस्त्रक्रियेचे टेबल अजून दिसते. येथील बुडालेली जहाजे कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांतील कोणतीही वस्तू उचलून नेण्यास मनाई आहे.