युद्धकाळातील दोन विजयी हंगाम

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये वाढलेल्या माणसापाशी खेळाचा विषय काढला, की बोलणे प्रथम हॉकीवर येते, आणि ते स्वाभाविकच आहे. मेजर ध्यानचंदांचे हे गाव. येथल्या ‘झाशी हीरोज’ संघाने १९३३ मध्ये कलकत्त्यास जाऊन बेटन चषक जिंकला आणि छावणी व रेल्वे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला तिसरी ओळख मिळवून दिली. पण पुण्यातील ज्या एका सामन्याने मराठी क्रीडेतिहासात मानाचे पान मिळवले, त्यात झाशीचाही थोडा वाटा आहे आणि तो पराभूतांच्या बाजूने आहे. १९४० साली महाराष्ट्राने रणजी करंडक प्रथम जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात समोर उभा होता तो संयुक्त प्रांताचा संघ, म्हणजे झाशी ज्या प्रांतात होती त्याच प्रांताचा. झाशीच्या मराठी घरांनी त्या वेळी कोणाचा विजय चिंतावा? प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता.

काळ मोठा चमत्कारिक होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथल्या कोणाही लोकप्रतिनिधीस न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. वर्ष संपण्यापूर्वीच प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्या हिवाळ्यात येऊ घातलेला एम.सी.सी.चा संघ आलाच नाही. इंग्लंडमधील काउंटी स्पर्धा १९४० पासून बंद पडली आणि ऑस्ट्रेलियातील शेफील्ड शील्डही पुढे थांबली. १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले. ध्यानचंदांचा चौथ्या ऑलिंपिकचा मार्ग, वय अनुकूल असते तरी, तेथेच खुंटला. हिंदुस्थानात मात्र रणजी करंडक स्पर्धा एकही वर्ष खंड न पडता चालू राहिली.

महाराष्ट्राचे कर्णधार होते प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२, पुण्याचा. व्यवसाय संस्कृतच्या अध्यापनाचा. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली काढलेल्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजेच पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, ते शिकवीत. सकाळी कालिदास आणि संध्याकाळी जाळ्यातला सराव हा त्यांचा क्रम त्या पिढीच्या पुणेकरांना परिचित होता. १९२६ मध्ये गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. पण हिंदुस्थान १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधर चाळिशीचे झाले होते. त्यांच्या नावापुढे एकही कसोटी सामना लागला नाही. एरवी अशा माणसाने खेळ सोडून विद्यार्थ्यांना आठवणी सांगितल्या असत्या. देवधरांनी संघ बांधावयास घेतला.

त्या संघाचा मुख्य आधार होता विजय हजारे. सांगलीचा हा अबोल तरुण देवासच्या महाराजांच्या आश्रयाने ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडून धडे घेऊन आलेला. १९३९–४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होय. त्या डावात नवव्या गड्यासाठी त्याने नगरवालांसह २४५ धावांची भर घातली. म्हणजे प्रतिपक्षाला डाव संपल्यासारखा वाटत असताना तो खरा सुरू झाला होता. योगायोग असा, की पुढे लवकरच हजारे त्याच बडोद्याच्या संघात गेला आणि १९४२–४३ मध्ये बडोदे विजेते ठरले.

अंतिम सामना पुण्यात झाला. संयुक्त प्रांताकडे पी. ई. पालिया होते. मुंबईचे हे पारशी गृहस्थ १९३२ च्या लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटी संघातील खेळाडू. त्या सामन्यात त्यांनी २१६ धावा काढल्या. त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च धावसंख्या. एका माणसाने करावयाचे ते सारे त्यांनी केले, तरी महाराष्ट्र दहा गडी राखून जिंकला. पराभूत संघातील अशा खेळीची दखल विजयाच्या वृत्तांतात सहसा एका ओळीत आटोपते, हे न्यायाचे नाही.

दुसरा हंगाम अधिक कसोटीचा होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला आणि तुरुंग भरू लागले. अशा वेळी क्रिकेटचे सामने भरवावेत का, ही चर्चा सुरू झाली. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांविषयी विचारण्यासाठी हिंदू जिमखान्याची मंडळी डिसेंबरमध्ये वर्ध्यास गांधीजींकडे गेली, तेव्हा त्यांनी आपली नापसंती स्पष्ट सांगितली. देशातील पुढारी तुरुंगात असताना असली करमणूक शोभत नाही, आणि खेळात धर्मावरून संघ पाडणे तर मुळातच अयोग्य, असा त्यांचा आशय होता. रणजी करंडकात संघ प्रांतांचे असल्यामुळे दुसरा आक्षेप त्याला लागू नव्हता. पहिला मात्र लागू होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या काळी कोणी दिल्याचे दिसत नाही. मैदाने मात्र ओस पडली नाहीत.

त्याच हंगामात पुण्यात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत देवधरांच्या २४६. ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी, आणि ती पन्नाशीला टेकलेल्या वयात! उत्तरादाखल खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले आणि मुंबई ६५० पर्यंत पोहोचली. पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. दोन्ही डाव मिळून तेराशे पंचवीस धावा! गोलंदाजांचे हाल कोणी लिहून ठेवले असते तर तेही वाचनीय झाले असते.

रंगा सोहोनी या उमद्या तरुणाने पश्चिम हिंद संघाविरुद्ध नाबाद २१८ धावा काढल्या त्या याच हंगामात. बुंदेलखंडातल्या सागर गावी मराठी कुटुंबात जन्मलेला चंदू सरवटेही आता महाराष्ट्राकडून खेळू लागला होता. झाशीकरांना हा तर शेजारचाच मुलगा. अंतिम सामना मद्रासला झाला आणि महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला. करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा पुण्यास आला.

या यशाची एक बाजू मात्र खिन्न करणारी आहे. १९३६ नंतर हिंदुस्थान थेट १९४६ पर्यंत एकही कसोटी सामना खेळला नाही. हजारे, सोहोनी, सरवटे हे ऐन उमेदीत होते, तेव्हा त्यांच्यासमोर जगातील संघच नव्हते. १९४६ मध्ये थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली हे तिघेही इंग्लंडला गेले, तेव्हा हजारे एकतिशीचा झाला होता. त्याच दौऱ्यात सरेविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी अखेरच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके काढली.

देवधर थांबले नाहीत. १९४४–४५ मध्ये, बावन्न वर्षे उलटलेली असताना, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतके केली. १९९३ मध्ये, शंभरी ओलांडून, ते निवर्तले. त्यांच्या नावाची स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली. ‘महाराष्ट्र’ या नावाच्या संघाला १९४१ नंतर तो करंडक पुन्हा लाभलेला नाही. आणि पुण्यात हरलेल्या संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाला, पहिला रणजी करंडक मिळाला तो २००५–०६ मध्ये, पालियांच्या त्या खेळीनंतर सहासष्ट वर्षांनी.