दूरचें यंत्र आणि मधली तार

हुकूम देणारा एकीकडे, तो बजावणारा दुसरीकडे आणि निरोप नेणारा मध्यें, अशी रचना जेथें येते तेथें विश्वासाचा प्रश्न ओघानेंच उभा राहतो. गणकयंत्रांच्या इतिहासांत हा प्रश्न कसा उद्भवला व कसा सुटला, तें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

११ सप्टेंबर १९४० रोजीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जमलेल्या गणितज्ञांसमोर जॉर्ज स्टिबिट्झ यांनीं एक टेलिप्रिंटर मांडला. त्यावर उदाहरण टंकावें, तें तारेनें न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेच्या गणकयंत्राकडे जावें, आणि उत्तर परत येऊन कागदावर उमटावें, असा तो चमत्कार होता! मात्र ती तार दोन टोकांपुरती होती; तिसऱ्या यंत्राचें तेथें कांहीं काम नव्हतें.

पुढें यंत्रें वाढलीं. २२ मे १९७३ रोजीं बॉब मेटकाफ यांनीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स संशोधनकेंद्रांत ‘ईथरनेट’ची कल्पना टिपणरूपानें मांडली. इमारतींतील सर्व यंत्रें एकाच तारेला जोडावयाचीं. एकानें पाठविलेला मजकूर सर्वांपर्यंत पोंचावयाचा, परंतु ज्याच्या नांवाचा असेल त्यानेंच तो घ्यावयाचा. वाड्याच्या चौकांत उभें राहून एखाद्यास हांक मारावी तसेंच हें. ऐकूं सर्वांस जातें, ओ मात्र एकच देतो.

त्या काळच्या बहुतेक यंत्रांशीं व्यवहार अक्षरांनींच चाले. ८० अक्षरांच्या २४ ओळी मावतील एवढा पडदा. त्यावर आज्ञा लिहावयाची आणि उत्तरही तेथेंच वाचावयाचें. म्हणूनच असें यंत्र दुरून चालविणें सोपें होतें. १९६९ पासून आकारास येत गेलेली ‘टेलनेट’ ही पद्धत अक्षरें नेण्याआणण्याचें हें काम चोख करी. परंतु आज्ञेबरोबर परवलीचा शब्दही ती उघडा पाठवी. सज्जनांच्या शेजारांत तें खपून गेलें.

१९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यांत कोणी गुपचूप कान लावून परवलीचे शब्द चोरले. तेथील संशोधक तातु युलोनेन यांनीं त्याच जुलैंत ‘सिक्युअर शेल’ ही नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिचें मर्म असें, कीं दोन्ही यंत्रें प्रथम उघडपणेंच बोलून एक गुप्त किल्ली ठरवितात. परंतु तें बोलणें चोरून ऐकणारास ती किल्ली घडवितां येत नाहीं. पुढील सारा मजकूर त्या किल्लीनें कुलूपबंद होऊन जातो. शिवाय पलीकडील यंत्रासही आपली ओळख पटवावी लागते. टेलनेटचें दार २३ क्रमांकाचें; या पद्धतीस शेजारचाच २२ क्रमांक मिळाला. वर्षअखेर तिचा वापर करणारांची संख्या सुमारें २०,००० झाली होती.

जुनीं यंत्रें आजही हौसेनें चालविलीं जातात. अशा कित्येकांच्या मंद गतीस हें कूटलेखन झेपत नाहीं. त्यावर तोड अशी : जुनें यंत्र आखूड तारेनें एका नव्या यंत्राच्या पाठीशीं जोडावें, बाहेरून येणारानें आधीं नव्याकडे ओळख पटवावी, आणि मग त्यानेंच निरोप आंत न्यावा. वृद्धास माजघरांत मानानें बसवावें, देवडीवर तरुण पहारेकरी असावा, असाच हा प्रकार आहे.

टेलनेट रचणारांस दोष देणें न्याय्य होणार नाहीं. थोड्या, परिचित मंडळींसाठीं त्यांनीं ती सोय केली. पुढें वस्ती वाढली, अनोळखी माणसें आलीं, आणि गांवाचें शहर होतांना दारांस कुलुपें येतात तशीं तीं येथेंही आलीं.