डॉक्टरेटनंतरची वाट : खोराना आणि ‘सायंटिस्ट्स पूल’

डॉक्टरेट संपादन केलेल्या तरुणास कायम पद मिळण्यापूर्वी निर्वेधपणे संशोधन करता यावे, ही व्यवस्था फार जुनी नव्हे. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्याने नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ मध्ये पदार्थविज्ञान व रसायन या विषयांसाठी अशा शिष्यवृत्त्या सुरू केल्या.

भारतात या व्यवस्थेची उणीव किती महाग पडली, हे हरगोविंद खोराना यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूल येथे १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते झुरिकला प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे वेतन नव्हते; शिलकीवरच त्यांनी दिवस काढले. १९४९ मध्ये ते मायदेशी आले. परंतु योग्य जागा मिळाली नाही. केंब्रिजला केनर व टॉड यांच्याकडे काम करण्यासाठी शिष्यवृत्ती मिळताच ते परतले आणि न्यूक्लिक आम्लांविषयीची त्यांची जिज्ञासा तेथेच रुजली. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते अमेरिकेचे नागरिक म्हणून.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना १९५८ मध्ये निघाली. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञास कायम जागा मिळेपर्यंत तात्पुरती नेमणूक व वेतन द्यावे, हा तिचा हेतू. खोरानांना १९४९ मध्ये हवा होता तो हाच आधार. मात्र अशा योजनेने अवधी मिळतो, जागा निर्माण होत नाहीत. हा अवधी सार्थकी लागावयाचा, तर त्याच्या अखेरीस विद्यापीठांची व प्रयोगशाळांची दारे उघडी असावी लागतात.