वरळी–दादर (मुंबई)

मध्य मुंबईतील सलग पट्टा. वरळीची टेकडी जीवाश्मांसाठी आणि दादर पेटीच्या (हार्मोनियमच्या) कारागिरीसाठी ज्ञात आहे. वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळी व महालक्ष्मी यांमधील खाडी बुजवली गेली.

टेकडीची खरी ख्याती बेडकांमुळे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे लोट थांबत-थांबत वाहत. मधल्या खंडात उथळ गोड्या पाण्याची तळी साचत, तळाशी गाळ बसे आणि पुढचा लोट त्याला झाकून टाकी. बेसाल्टच्या थरांत सापडलेल्या अशा काळ्या शेलमध्ये इवलेसे बेडूक सांगाड्यासकट टिकले. लांबलचक मागच्या पायांमुळे ते नवख्यालाही ओळखता येतात. ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ करणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन ‘राना पुसिला’ या नावाने केले. १९३० मध्ये नोबल यांनी त्यांना ‘इंडोबॅट्राकस’ या स्वतंत्र प्रजातीत घातले. गोड्या पाण्यातील कासवाचे अवशेषही मुंबईच्या याच थरांत मिळाले. आज टेकडी इमारतींनी भरली आहे. बेडकांची वरळी वरळीकरांनाच क्वचित ठाऊक असते.

प्रभादेवी ओलांडली की दादर. येथील हरिभाऊ विश्वनाथ ही १९२५ पासूनची पेढी पेटीसाठी प्रसिद्ध आहे. पेटीचा जीव तिच्या पितळी सुरांत. भात्याची हवा लागली की सुराची पट्टी थरथरते. सूर लावणारा कारागीर कानशीने पट्टीच्या टोकाजवळ किंचित घासतो तेव्हा स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. एक घास जास्त झाला की पुन्हा उलट बाजूने सुरुवात. पूर्वी जर्मन सुरांना मोठी मागणी असे, पुढे गुजरातमधील पालिताण्याचे सूर बाजारात स्थिरावले. संगीत नाटक, भजनी मंडळे आणि गायकाची साथ यांनी पेटीला घरोघरी नेले. आकाशवाणीने मात्र १९४० पासून सुमारे तीन दशके तिला प्रसारणातून दूर ठेवले होते. मींड निघत नाही आणि श्रुती बांधलेल्या राहतात, हे तिच्यावरचे मुख्य आक्षेप. ते तांत्रिकदृष्ट्या खरेच आहेत, पण साथीला बसणाऱ्यांनी पेटी सोडली नाही.