दादर टी. टी.
टॅक्सीवाल्याला ‘दादर टी. टी.’ म्हटलं की तो मुकाट्याने खोदादाद सर्कलला नेऊन सोडतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे त्याच्या गावीही नसतं. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. बाई मोठी सोशिक! म्हातारीकोतारीसुद्धा पिशव्या सांभाळत चढायची. पण तिच्यामुळे म्हणे मोटारींचा खोळंबा व्हायचा. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला तिची शेवटची फेरी झाली. निरोपाला रस्त्यावर ही गर्दी!

परवा आमची बस तिथंच अर्धा तास अडकली. पुढे नुसत्या मोटारी. कंडक्टरला म्हटलं, ‘‘काय हो, विजेची गाडी ना ही?’’

‘‘हो तर,’’ तो कौतुकाने म्हणाला, ‘‘नवीनच निघाल्यात.’’