जुन्या मोटारीला घरच्या घरी रंग : खर्च कोठे करावा, कोठे टाळावा

बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षे वापरलेली मोटार अजूनही अनेक घरांच्या ओट्यासमोर उभी दिसते. त्यात मारुती ८०० चे प्रमाण मोठे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे या जातीची अगदी धाकटी गाडीही आता बारा वर्षांच्या आसपास पोहोचली आहे. इंजिन कुरकुरत नाही, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती गावातच होते. मात्र टपावरचा रंग खान्देशच्या उन्हाने पांढुरका पडलेला असतो आणि दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड उठलेले असतात. भुसावळ किंवा जळगावच्या गॅरेजमध्ये संपूर्ण गाडी रंगवून घ्यायची तर खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागतो. त्यामुळे हे काम घरच्या अंगणात, आपल्या हाताने उरकता येईल काय, असा प्रश्न गाडीमालकाला पडणे साहजिक आहे.

उरकता येते. मात्र रंग किती वर्षे टिकणार हे बहुतांशी रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. हाती असलेला पैसा आणि वेळ यांचा मोठा वाटा घासणे, गंज काढणे आणि अस्तर यांवर खर्च केला, तर साधा रंगही चांगला दिसतो. तो वाटा वाचवून महागडा रंग आणला, तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.

आधी परीक्षा, मग निर्णय

सर्वांत स्वस्त रंगकाम म्हणजे न केलेले रंगकाम. गाडी साबणाने धुऊन टपाच्या एका कोपऱ्यावर ओल्या फडक्याने थोडे रबिंग कंपाउंड घासून पाहावे. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला आणि खालचा पृष्ठभाग उजळला, तर वरचा थर फक्त उन्हाने करपला आहे, असे समजावे. पांढऱ्या, लाल किंवा निळ्या साध्या रंगाच्या जुन्या गाड्यांत हे पुष्कळदा आढळते. अशा वेळी एक दिवस कंपाउंड आणि नंतर मेण-पॉलिश एवढ्यावर काम भागते. मेटॅलिक रंगाची गोष्ट निराळी. त्यात खाली चंदेरी कणांचा रंग आणि वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. हा पारदर्शक थर सोलून निघू लागला, की कंपाउंडचा उपयोग नाही. आणि मेटॅलिक छटा सारखी बसविणे हे घरगुती साधनांचे काम नव्हे. अशा मालकाने साधा, एकसंध रंग स्वीकारावा किंवा गॅरेजचा खर्च तरी मान्य करावा.

दुसरी परीक्षा जुन्या रंगाची जात ओळखण्याची. दाराच्या आतल्या कडेवर एन.सी. थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा-एक मिनिट दाबून धरावा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे एन.सी. लॅकर. रंग सुरकुतला तर तो सिंथेटिक एनॅमल. काहीच झाले नाही तर तो कारखान्यात भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर मिसळून लावलेला रंग. ही ओळख महत्त्वाची अशासाठी, की एनॅमलवर एन.सी. रंग मारल्यास त्यातील तीव्र थिनर खालचा थर उचकटतो आणि सबंध पत्रा सुरकुततो. गावोगावच्या फसलेल्या रंगकामांत हे कारण वारंवार आढळते.

तिसरी परीक्षा गंजाची. पावसाच्या पाण्याची पन्हळ, दारांचा तळ, चाकांवरील कमानी, पायरीखालचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे या पाच जागा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. आवाज बद्द आला किंवा पत्रा आत दबला, तर तेथे पत्राकाम करून जोड द्यावा लागेल. भोकावर लांबी भरून रंग देण्याने गंज झाकला जातो, थांबत नाही.

सगळा रंग खरवडू नये

हौशी माणूस पहिल्या दिवशी उत्साहात गाडी पत्र्यापर्यंत घासून काढतो. ही चूक महाग पडते. अलीकडच्या तीन-चार दशकांतील बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर कारखान्यात विद्युतप्रक्रियेने बसविलेले आणि भट्टीत भाजलेले अस्तर असते. ते घरी पुन्हा देता येत नाही. जुना रंग घट्ट धरून असेल, तर तोच नव्या रंगाचा उत्तम पाया होय. त्याची चमक मोडेल इतपतच तो घासावा. पत्र्यापर्यंत जायचे ते केवळ गंजलेल्या आणि फोड आलेल्या जागी.

गंजाच्या जागा ८० नंबरच्या कागदाने किंवा तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत साफ कराव्यात. खड्ड्यांतला गंज उरतोच. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लावर आधारित गंजनाशक द्रव दुकानांत मिळतो. तो लावून, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर पुसून, जागा कोरडी झाली की त्याच दिवशी अस्तर द्यावे. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर दवानेही त्यावर नवा गंज धरतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर सर्वांत भरवशाचा. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, पण तो सावकाश वाळतो. तो पुरता वाळण्याआधीच वरचा रंग देण्याची घाई झाली, तर सारे काम मऊ राहते.

लांबीच्या दोन जाती असतात आणि त्यांची सरमिसळ होते. हार्डनर मिसळायची पॉलिएस्टर लांबी पोचे भरण्यासाठी. नळीत किंवा डबीत तयार मिळणारी एन.सी. पुट्टी केवळ ओरखडे आणि बारीक छिद्रांसाठी. एन.सी. पुट्टीने खड्डा भरला तर ती पुढे कित्येक दिवस आक्रसत राहते आणि रंगाखाली खड्डा पुन्हा उमटतो. पॉलिएस्टर लांबीत हार्डनर दोन-तीन टक्केच पुरतो. मे महिन्याच्या उन्हात तर ती पाट्यावर पसरता पसरताच आवळते, म्हणून एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवावा. ही लांबी पाणी शोषते. ती कोरडीच घासावी आणि अस्तर बसल्यानंतरच पाण्याचा वापर करावा.

पाणी, धूळ आणि ऋतू

वॉटर पेपरने घासायला पाणी लागते आणि बोदवड तालुक्याला पाण्याचा हिशेब नवा नाही. सुदैवाने येथे धारेची गरज नसते. बादलीभर पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब आणि स्पंजाच्या तुकड्याने टिपकत केलेले काम पुरते. बोअरचे जड पाणी मात्र शेवटच्या पुसण्यास वापरू नये. त्यातील क्षार पत्र्यावर राहिले, तर रंगाखाली ओल ओढून घेतात आणि पुढे बारीक फोड उठतात. शेवटचे पुसणे पिण्याच्या पाण्याने, स्वच्छ फडक्याने करावे. जुन्या रंगात शिशाचे संयुग असण्याची शक्यता असते. म्हणून कोरडे घासून धूळ उडविण्यापेक्षा ओले घासणे घरातील लहान मुलांसाठीही बरे. उरलेला राडा अंगणात ओतू नये आणि भाजीच्या वाफ्यात तर नाहीच.

कागदांचा क्रम साधा आहे : जुन्या रंगावर ३२० ते ४००, अस्तरावर ६००, रंगाच्या थरांमध्ये ८०० ते १०००. कडा आणि उठावाच्या रेषा यांवर हात हलका हवा, कारण तेथील रंग आधीच पातळ असतो.

रॉकेलने पत्रा पुसण्याची जुनी सवय सोडावी. रॉकेल मागे तेलकट थर ठेवते. वर्षानुवर्षे लावलेल्या पॉलिशमधील सिलिकॉन राहिल्यास रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात. साबणाने धुणे, मिनरल टर्पेंटाइनने पुसणे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणे, हा क्रम घासण्यापूर्वी आणि नंतर असा दोनदा करावा.

ऋतूचा विचार खान्देशात टाळता येत नाही. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच थिनर उडून जातो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत एन.सी. रंगावर पांढरी झाक चढते. दिवाळीनंतर ते माघ संपेपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही सकाळचे दव पुरते उडाल्यावर सुरुवात करून दुपारी तीनच्या सुमारास हात थांबवावा, म्हणजे रात्रीच्या गारव्यापूर्वी थर आवळतो. हाच काळ कापसाचा. गाड्या भरून जात असतात आणि वाऱ्यावर तंतू उडतात. ओल्या एनॅमलला ते हमखास चिकटतात. रस्त्याकडेची जागा टाळून ताडपत्रीचा आडोसा करावा आणि काम सुरू करण्यापूर्वी अंगणात सडा घालावा. सड्याने धूळ बसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही.

रंग कोणता आणि लावायचा कशाने

आजची गॅरेजे मुख्यतः हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन, म्हणजे पी.यू. रंग वापरतात. चमक आणि टिकाऊपणा यांत त्याला तोड नाही. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवाऱ्यातून ते श्वासात गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. एकदा जडला की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. अशा फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. अंगणात, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली पी.यू. फवारणे योग्य नव्हे. बचतीच्या नावाखाली हा धोका पत्करू नये.

एन.सी. रंग भराभर वाळतो, धूळ कमी धरतो आणि चूक झाल्यास घासून पुन्हा देता येतो. पण त्याला कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि पुष्कळ थिनर लागते. शिवाय प्रत्येक वेळी पॉलिश केल्याशिवाय तो खुलत नाही.

कमी खर्चाच्या कामाला खरा जवळचा आहे तो सिंथेटिक एनॅमल. बैलगाडी, ट्रॉली, दारे-खिडक्या यांमुळे तो घराघरांत ओळखीचा आहे. अमेरिकेतील हौशी मंडळींमध्ये २००० च्या दशकात अशाच एनॅमलने, फोमच्या छोट्या रोलरने गाडी रंगविण्याची पद्धत गाजली होती आणि ती आपल्याकडेही लागू पडते. रंग मिनरल टर्पेंटाइनने जवळजवळ दुधाइतका पातळ करायचा. चार इंची फोम रोलरने एका वेळी एकच भाग, अत्यंत पातळ थरात रंगवायचा. पहिले दोन थर पाहून मन खट्टू होते, कारण खालचा रंग डोकावत असतो. थर जाड करण्याचा मोह तेथेच आवरायला हवा. प्रत्येक थरामध्ये २४ तास जाऊ द्यावेत आणि दर दोन थरांनंतर वॉटर पेपरने हलके घासावे. सहा ते आठ थरांत रंग भरतो. लहान गाडीच्या बाह्यांगाला अंदाजे तीन लिटर रंग पुरावा, पण एकाच वेळी थोडा जास्त आणून सारा एकत्र ढवळून ठेवावा. दोन डब्यांची छटा तंतोतंत जुळेलच असे नाही.

या पद्धतीत फवारा उडत नाही, यंत्र लागत नाही आणि रोज संध्याकाळी काम थांबविता येते. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एनॅमल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कडक होतो, त्यामुळे तीन-चार आठवडे तो मऊच असतो. या काळात पॉलिश आणि जोरदार धुणे वर्ज्य. कडक उन्हात काही वर्षांनी तो भुरका पडतो. पुढे कधी गॅरेजमध्ये पी.यू. करायचे ठरले, तर हा सारा थर आधी काढावा लागतो आणि त्याची मजुरी वेगळी. चार-पाच वर्षे गाडी वापरून काढायची असेल त्यालाच हा सौदा परवडतो.

टर्पेंटाइन किंवा थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोहोचू शकते. काम उघड्यावर आणि बॅटरीची तार सोडूनच करावे. एनॅमलने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

कागदपत्रांची बाजू

गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद असतो. मूळ रंगच पुन्हा दिला तर प्रश्न येत नाही. रंग बदलायचा असेल, तर परिवहन कार्यालयात अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. एमएच १९ क्रमांकाच्या गाड्यांसाठी ते जळगावला. विमा कंपनीलाही कळवावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी वाहनाला देता येत नाही. जुन्या जीपच्या मालकांना या रंगाचा विशेष लोभ असतो, म्हणून हे मुद्दाम सांगणे भाग आहे.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच वापरता येणाऱ्या खटक्यांनी बसविलेली असते. ती उचकटू नये, टेप आणि कागदाने झाकावी. चासी क्रमांक जेथे कोरलेला असतो तेथे लांबी, रंग वा घासकाम होऊ देऊ नये, कारण फेरनोंदणीच्या तपासणीत तो वाचला जातो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असून पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये १० हजारांवर गेले. पर्यावरण कर निराळा. ज्याच्या गाडीची मुदत सहा महिन्यांवर आली आहे, त्याने प्रथम तळाचा गंज तपासून घ्यावा आणि गाडी ठेवायची की नाही हे ठरवावे. रोलर आणि रंगाचा डबा त्यानंतर आणावा.